गेल्या सालचा पाऊस

यारटू गावची माणसं चर्चमध्ये खोटं बोलत नाहीत, गुत्त्यात बेताचं बोलतात आणि पावसाबद्दल मात्र बिनदिक्कत बोलतात. रात्री पत्र्यावर चार थेंब वाजले, की सकाळी नवाच्या ठोक्याला घराघरातले फोन खणखणायला लागतात. "तुमच्याकडे किती?" ज्याच्याकडे जास्त पडला तो त्यात पदरचे दोन मिलिमीटर घालून सांगतो. ज्याच्याकडे कमी पडला तो म्हणतो, आमचं माप झाडाखाली आहे हो, त्याचं काही खरं नाही. असं तासभर चालतं. मग खरंखोटं करायला सगळे एकच नंबर फिरवतात, आणि तो असतो क्लेम क्लाइनिगचा.

क्लेमच्या परसात सरकारी पर्जन्यमापक होता. हवामान खात्याने तो त्याच्या आजोबांच्या ताब्यात दिला तो अठराशे एक्क्याण्णव साली. आजोबांनंतर बाप, बापानंतर क्लेम. काम एवढंच, की रोज सकाळी नऊ वाजता डब्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि अॅडलेडला फोन करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्षातले तीनशे दिवस डब्यात धूळ आणि एखादी मेलेली माशी सापडते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी नवाला त्याच श्रद्धेने जावं लागतं, याला अंगात काहीतरी वेगळं असावं लागतं. क्लेमच्या अंगात ते ठासून भरलं होतं. त्याने स्वतःचं लग्न अकराला लावून घेतलं, कारण पाद्री दहाचं म्हणत होता आणि नवाचं माप घेऊन दहाला चर्च गाठायचं म्हणजे गाडी पळवावी लागली असती. क्लेम गाडी पळवत नसे. त्याची बायको मेल्व्हा हयात असेपर्यंत सांगायची, "रोझलिनच्या वेळी मी कळा देत होते आणि हा बाप्या बाहेर नळीकडे डोळे बारीक करून बघत उभा!" वहीत त्या दिवसापुढे लिहिलंय, 'शून्य. मुलगी झाली.'

ती वही बघण्यासारखी आहे. पहिली पंचवीस वर्षं जर्मन भाषेत, वेलबुट्टीसारख्या अक्षरात. मग एकोणीसशे सतरामध्ये सरकारने जर्मन शाळांना कुलपं ठोकली, पुढे गावांची जर्मन नावंही खरवडून काढली, आणि वहीतली नोंद एका सकाळी निमूटपणे इंग्रजी झाली. हात तोच, शाई तीच. त्याच महिन्यात क्लेमचा काका इंग्रजांच्या राजासाठी फ्रान्सच्या चिखलात लढत होता. तो परत आला नाही. क्लेमच्या बापाने यावर आयुष्यभर एक अक्षर काढलं नाही. पाऊस तेवढा लिहीत राहिला.

आता रेषेबद्दल सांगायला हवं, नाहीतर क्लेम कळणार नाही. अठराशे पासष्टच्या दुष्काळात गॉयडर नावाचा सरकारी मोजणीदार घोड्यावर बसून शेकडो कोस हिंडला आणि साऊथ ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर त्याने एक वाकडीतिकडी रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला मेंढ्या चारा, पाऊस इथवरच येतो. तिथल्या मूळच्या न्गाजुरी लोकांना ही गोष्ट हजारो वर्षांपासून ठाऊक होती, पण त्यांना विचारावं हे कुणाला सुचलं नाही. त्यापेक्षा घोडं दामटणं सोपं वाटलं असेल. पुढे काही वर्षं बरा पाऊस झाला आणि लोक गॉयडरला हसायला लागले. नांगरामागून पाऊस येतो, अशी म्हणच निघाली. माणसं बायकापोरं घेऊन रेघ ओलांडून गेली, दगडी घरं बांधली, शाळा बांधल्या. मग पाऊस आपल्या जुन्या जागी परत गेला. त्या घरांची धुराडी अजून माळावर उभी आहेत. घरं नाहीत.

क्लेमचा आजोबाही रेघ ओलांडणाऱ्यांतलाच, पण पाय मात्र एकच टाकलेला. ही रेघ क्लाइनिगांच्या परसातून जाते. स्वयंपाकघर दक्षिणेत, कोंबड्यांचं खुराडं उत्तरेत. आणि खुराड्यापलीकडे दोनशे एकरांचा तुकडा, ज्याला घरात सगळे 'उत्तरेचा' म्हणत. तीन पिढ्या तिथे गहू पेरत होत्या आणि पाच वर्षांतून एकदा कापत होत्या.

"क्लेम, तू गहू पेरत नाहीस रे," डेन ट्रेझीस म्हणायचा, "तू लॉटरीची तिकिटं पेरतोस."

हा डेन म्हणजे क्लेमचा शेजारी, मित्र आणि शत्रू. त्याचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बरा गावच्या तांब्याच्या खाणीत आले होते, क्लेमचे प्रशियाहून बायबल काखोटीला मारून. पन्नास वर्षं दोघांचा एकच वाद.

"आम्ही तांबं काढलं नसतं ना," डेन सुरू व्हायचा, "तर या राज्याचं तेव्हाच दिवाळं निघालं असतं. तुम्ही बसला असता भजनं म्हणत."

"आणि तांबं संपल्यावर कुठे आलात, कॉर्निश घुशींनो? आमच्या गव्हावर!"

"गव्हावर काय? आमच्या पेस्टीच्या पारीला पीठ लागतं, म्हणून तुम्हाला ठेवलंय."

"आणि वाइन? द्राक्षं कुणी लावली?"

"बरोसा खोऱ्यातल्या तुझ्या चुलत भावांनी. ते बंगल्यात राहतात. तू इथे कसा राहिलास, विचार कधी स्वतःला."

वाद हातघाईवर आला, की दोघांपैकी कुणीतरी आठवण करून द्यायचं की पूर्वेकडच्या राज्यांसारखं आपलं राज्य कैद्यांनी वसवलेलं नाही, आपले दोघांचेही पूर्वज बोटीचं भाडं भरून आले. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत असे. मग चहा व्हायचा.

मेल्व्हा गेल्यावर रोझलिन शेतकी कॉलेज संपवून घरी आली, तेव्हा क्लेमला वाटलं होतं की सोबत झाली. सोबत झाली खरी, पण ती वह्या घेऊन आली होती. मातीचे नमुने, मेंढ्यांची वजनं, आजोबा-पणजोबांच्या पावसाची शंभरेक वर्षांची सरासरी. चौथ्या वर्षी तिने बापापुढे कागद ठेवला.

"डॅड, उत्तरेच्या तुकड्यात गहू पेरणं बंद कर. तिथली माती दरवर्षी उडून न्यूझीलंडला जातेय. तिथे आपण सॉल्टबुश लावू. खारट पाला, पण मेंढ्या आवडीने खातात, माती धरून ठेवतो, पाण्यावाचून जगतो."

"ते झुडूप माझ्या आजोबांनी दोन वर्षं कुदळीने खणून काढलं होतं."

"म्हणूनच म्हणतेय, परत लावू या."

क्लेम उठून बाहेर गेला. तो भांडत नसे. तो बाहेर जात असे, आणि तिथे कोंबड्यांना काहीतरी सांगत असे. पोरगी हुशार आहे, हे त्याला मान्य होतं. पण तिला नुसते आकडे कळतात, जमिनीची माया नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. एकाहत्तर वर्षांचा झाला तरी शेत तिच्या नावावर करायला त्याचा हात धजत नव्हता तो यासाठीच. डेनने एकदा विचारलं, तर म्हणाला, "ती शेत चालवेल झकास. पण ते तिला आवडेल का?"

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत बापलेकीचं बोलणं जवळजवळ बंद झालं. सकाळी 'मीठ दे' आणि संध्याकाळी 'दिवा घालव', एवढंच. शेवटी डेनने मध्यस्थी केली. म्हणजे तसं तो म्हणतो. खरं म्हणजे तो कूखन, म्हणजे जर्मन केक, खायला आला होता आणि दोघं एकमेकांशी बोलत नसल्याने त्याला कुणी वाढेना.

"अरे, घरात सरकारी माप आहे आणि भांडताय कसले?" तो म्हणाला. "पावसालाच ठरवू द्या की. एक मार्च ते पंचवीस एप्रिल. तुम्हा लोकांना पेरणीपूर्वी किती लागतो?"

"पंचवीस मिलिमीटर," बापलेक एकदम म्हणाले.

"झालं तर. पंचवीस एप्रिलला सकाळी नऊपर्यंत पंचवीस भरले, तर क्लेम गहू पेरणार आणि पोरी, तू पुन्हा त्या झुडपाचं नाव काढायचं नाहीस. नाही भरले, तर झुडूप. कायमचं. आणि क्लेम कुरकुरणार नाही."

"मी कधी कुरकुरतो?" क्लेम म्हणाला. यावर डेन आणि रोझलिन दोघांनीही छताकडे बघितलं.

पैज लागली. पंच डेन. माप मात्र क्लेमनेच घ्यायचं, यावर कुणी शंकासुद्धा काढली नाही. ज्याचा फायदा तोच मोजणार, असं जगात कुठे चालत नाही, पण यारटूत क्लेमच्या बाबतीत चालत असे.

मार्चमध्ये सात पॉइंट चार पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी बरा शिडकावा झाला, अकरा पॉइंट सहा. एकूण एकोणीस. मग आभाळाने पाठ फिरवली. क्लेम जेवताना खिडकीतून पश्चिमेकडे बघे, न जेवताना दारातून बघे. गावात पैजेची बातमी फुटली होती. किराणा दुकानातली बाई सुटे परत देताना विचारायची, "किती राहिला हो?" पाद्र्याने रविवारी पावसासाठी प्रार्थना केली आणि आमेन म्हणायच्या आधी तिसऱ्या बाकाकडे बघितलं, तिथे क्लेम बसायचा. लोकांना खरं म्हणजे क्लेम जिंकावा असंच वाटत होतं. रोझलिनचं म्हणणं खरं आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

चोवीस एप्रिलच्या रात्री पत्र्यावर थोडा वेळ वाजलं. क्लेम अंथरुणात उठून बसला. आवाज थांबला तसा आडवा झाला. डब्याकडे गेला नाही. नवाच्या आधी डबा उघडायचा नाही, हा आजोबांचा नियम होता.

पंचवीस एप्रिल म्हणजे अँझॅक दिवस, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा. पहाटे सगळं गाव हुतात्म्यांच्या स्तंभापाशी जमतं. स्तंभावर चौतीस नावं, त्यात दोन क्लाइनिग. एक फ्रान्सच्या चिखलातला काका, दुसरा क्लेमचा धाकटा भाऊ, टोब्रुकच्या लढाईतला. डेन पहाटे पाचला गाडी घेऊन आला. रोझलिन म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. एक मेंढी अडलीय, मला राहायला हवं." क्लेमने मान डोलावली. अडलेली मेंढी हे यारटूत कुठल्याही गैरहजेरीला पुरतं.

बिगूल झाला, दोन मिनिटांची शांतता झाली, हॉलमध्ये बेकन-अंडी झाली. प्रत्येक जण एकमेकांना विचारत होता. सगळीकडे पाऊस दोनच्या आसपास. कुणी अडीच म्हणाला, म्हणजे दोन. डेन येताना आपलं माप बघून आला होता, तेही दोनच. दोन आणि एकोणीस एकवीस, हे शाळेतल्या पोरालाही येतं.

पावणेनवाला दोघं घरी आले. नवाला एक मिनिट असताना क्लेम डब्यापाशी उभा राहिला, नवाला त्याने झाकण काढलं. पाणी नळीत ओतलं. नळी डोळ्यांसमोर धरली.

"सहा पॉइंट चार," तो म्हणाला.

"काय?"

"सहा पॉइंट चार."

डेनने बोटांवर हिशेब केला, मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर केला. "पंचवीस पॉइंट चार! अरे, जिंकलास की लेका! माझ्या कुंपणापलीकडे दोन आणि तुझ्या परसात सहा! देव जर्मन आहे, आज मी हे मान्य करतो!" आणि सदुसष्ट वर्षांचा तो माणूस खुराड्यासमोर चक्क नाचला. कोंबड्या घाबरून आत गेल्या.

क्लेमने टोपी काढून हातात घेतली. आजोबा, बाप, तो. आणखी एक साल. त्याने आकडा दुसऱ्यांदा बघायला नळी उजेडात धरली, कारण तो नेहमीच दोनदा बघत असे. आणि तसाच थांबला.

"डेन, इकडे ये. हे काय आहे?"

डेनने चष्मा लावला. "केर आहे."

"केर पोहतो का?"

दोन म्हातारे नळीला नाकं लावून उभे राहिले. आत डासाची एक अळी शेपटी झटकत खालून वर जात होती, वरून खाली येत होती. तिला पैजेची काही कल्पना नव्हती.

"पडली असेल पावसाबरोबर," डेन म्हणाला. "क्वीन्सलँडला मागे आभाळातून मासे पडले म्हणतात."

"मासे पडू देत. ही अळी किमान चार दिवसांची आहे, डेन. पाऊस दहा तासांचा आहे."

"तुला काय तिचा जन्मदाखला बघायचाय? काढून टाक चमच्याने. सहा पॉइंट चार लिही. मी पंच आहे, मी काही बघितलं नाही. माझा चष्मा जुना आहे."

क्लेम घराच्या कोपऱ्यावरच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. टाकीच्या तोटीखालची माती ओली होती. पहाटेपासून डेन त्याच्या शेजारीच होता, गाव सगळं स्तंभापाशी होतं. घरी एकच माणूस होतं.

रोझलिन गोठ्याकडून येत होती. गमबूट चिखलाने भरलेले, म्हणजे मेंढी खरोखरच अडली होती. बापाच्या हातातली नळी बघून ती मध्येच उभी राहिली.

"तू ओतलंस?" क्लेमने विचारलं.

"हो."

डेनला आयुष्यात पहिल्यांदा चहा नको झाला. "मला एक बघायचंय... तिकडे," असं काहीतरी बोलून तो आपल्या गाडीत जाऊन बसला. काच मात्र खाली ठेवली.

"सरकारी मापात," क्लेम म्हणाला. "पंच्याण्णव वर्षांत कुणी... नळाचं पाणी, रोझ? मरे नदीचं, पाइपातून आलेलं, माझ्या मापात?"

"नळाचं कशी घालेन?" रोझलिन दुखावल्यासारखी म्हणाली. "एवढी काही मी वाया गेले नाही. टाकीतलं घातलं. पाऊसच होता तो, डॅड. फक्त गेल्या सालचा."

गाडीतून खोकल्यासारखा आवाज आला.

"आणि खरा किती पडला, ते आता कसं कळणार? वहीत मी काय लिहू?"

रोझलिनने बाही वर सारली. मनगटावर पेनाने आकडे लिहिले होते. "आधी मोजला. दोन पॉइंट दोन. मग चार पॉइंट दोन घातला, बरोबर मोजून. वाटलं, काठावर चार दशांश जास्त असू देत, नाहीतर तू काठावरचा म्हणून सोडून देशील."

क्लेम त्या मनगटाकडे बघत राहिला. चोरी केली होती, तीही दशांशापर्यंत मोजून.

"पण का? तू जिंकली होतीस. नऊ वाजेपर्यंत नुसतं गप्प बसायचं होतं."

"माहितीय." ती खुराड्याच्या जाळीला टेकली. "चार वर्षं मी तुला सांगतेय की तिथे गहू येत नाही. येत नाहीच. परवा संध्याकाळी तू त्या तुकड्यात उभा होतास. मूठभर माती हातात घेऊन तिच्याशी बोलत होतास. कोंबड्यांशी बोलतोस ना, तसा. मी गोठ्यातून बघत होते. मला इतकं रडू आलं, डॅड. म्हटलं, मरो तो कागद. अजून एक वर्ष उडाली माती तर उडाली. मला नाही खरं ठरायचं."

आयुष्यभर क्लेमने जे मोजलं ते नळीत मावणारं होतं. त्याने नळी तिरकी केली आणि गेल्या सालचा पाऊस, या सालचा पाऊस आणि ती अळी, सगळं जमिनीवर ओतून टाकलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, वही उघडली आणि लिहिलं, 'दोन पॉइंट दोन.'

"डेन!" तो ओरडला. "एकवीस पॉइंट दोन! मी हरलो!"

"ऐकलं!" गाडीतून उत्तर आलं.

"तुला मी ही वही देणार नाही," क्लेम लेकीला म्हणाला. "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. मापात पाणी घालणाऱ्याच्या हातात वही द्यायची नसते."

"बरं," रोझलिन म्हणाली. तिने खाली बघितलं.

"शेत मात्र घे."

"उत्तरेचा तुकडा?"

"सगळं. सोमवारी वकिलाकडे जाऊ. दहानंतर."